किशोरवयातलं बाळंतपण गाव कसं टाळू शकतं?

महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी सात-आठ जणी आई झालेल्या असतात किंवा गरोदर असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नेमका आकडा ७.६ टक्के आला. त्याआधीच्या फेरीत तो ८.३ होता, म्हणजे उतार आहे पण मुंगीच्या पावलाचा.

हा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे मोबाइल, कॉलेज आणि प्रेमप्रकरणं येतात. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक मुलींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं आणि बीडमध्ये ४३.७. तेव्हा आपल्याकडे किशोरवयातलं बाळंतपण टाळायचं, तर पहिलं काम लग्न लांबवण्याचं आणि दुसरं लग्नानंतरचा पहिला पाळणा लांबवण्याचं. लग्नाबाहेर दिवस गेलेल्या मुलींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची संख्या कमी असली तरी कोंडी जास्त आहे, म्हणून त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

एक बारकावा आधीच सांगायला हवा. कायदा अठराला थांबतो, पण शरीराचा धोका त्या वाढदिवसाला संपत नाही. अठरा वर्षं एक महिन्याची मुलगी कायद्याने लग्न करते आणि एकोणिसाव्या वर्षी बाळंत होते, तेव्हा कोणताही गुन्हा घडलेला नसतो, तरी ते किशोरवयातलंच बाळंतपण असतं. या वयात मुलीची स्वतःची वाढ चालू असते. राज्यातल्या या वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे. त्यात गर्भारपण आलं की रक्तदाब वाढून झटके येणं, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणं, दिवस पूर्ण होण्याआधी बाळ जन्मणं आणि बाळाचं वजन अडीच किलोच्या आत भरणं, या सगळ्यांचा धोका विशीतल्या आईपेक्षा जास्त असतो.

लग्न का लवकर होतं

आईबापांना कायदा माहीत नसतो, हा शहरी गैरसमज आहे. अठराचा आकडा वाडीवस्तीवरही पाठ असतो. ठाऊक असूनही लग्न होतं, त्यामागे हिशोब असतो.

ऊसतोडीचा हिशोब सगळ्यात उघड आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. मुकादम उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि पूर्ण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला जोडी मिळाली की त्याची उचल वाढते. दुसऱ्या बाजूला पदर आलेली मुलगी गावात म्हाताऱ्या आजीजवळ सहा महिने ठेवायची, की फडावर पाचटाच्या कोपीत न्यायची, हा आईबापांपुढचा पेच असतो. कोपीला दार नसतं. मग दिवाळीच्या आसपास स्थळ आलं की "एक जबाबदारी उरकली" म्हणून होकार जातो.

बाकीची कारणं लहान वाटतात, पण एकावर एक चढतात. गावात शाळा सातवीपर्यंतच आणि आठवीला पाच किलोमीटर चालायचं. मुलगी दहावीला नापास झाली. थोरलीच्याच मांडवात धाकटीलाही उजवून टाकलं तर जेवणावळ एकच होते. मुलगी जास्त शिकली तर तितका शिकलेला मुलगा शोधावा लागतो आणि हुंडा वाढतो. आणि सगळ्यांच्या वर एक भीती: "पळून गेली तर?" या भीतीपोटी होणारी लग्नं गरिबीपोटी होणाऱ्या लग्नांपेक्षा थांबवायला अवघड असतात, कारण तिथे पैशाची कोणतीही योजना उपयोगी पडत नाही.

कामाची सुरुवात यादीपासून

प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. सोबत पोलीस पाटील, आशाताई, मुख्याध्यापक आणि मुलांचे प्रतिनिधी. बऱ्याच गावांत ही समिती फक्त कागदावर असते, एक फोटो आणि एक ठराव. ती कामाला लावायची सर्वात सोपी रीत म्हणजे तिच्याकडून १२ ते १८ वयाच्या मुलींची यादी करून घेणे. दोन हजार वस्तीच्या गावात या वयाच्या साधारण ऐंशी-नव्वद मुली निघतात, म्हणजे यादी एका वहीत मावते.

यादीत नाव आणि जन्मतारीख हवी, आणि ती तारीख शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घ्यायची. आधार कार्डावरून घेऊ नये. लग्न ठरलं की आधारवरची तारीख बदलून आणण्याचे प्रकार होतात. अल्पवयीनाचं वय ठरवताना बाल न्याय कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतो, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. त्यात आधार कुठेच नाही.

पुढच्या रकान्यांत लिहायचं: शाळेत जाते का, आईबाप हंगामाला बाहेर जातात का, आई किंवा वडील हयात नाहीत असं आहे का, थोरल्या बहिणीचं लग्न कितव्या वर्षी झालं. थोरली सोळाव्या वर्षी गेली असेल तर धाकटीच्या नावापुढे खूण करायची. अशा खुणा केल्या की त्या ऐंशीतल्या पंधरा-वीस मुली वेगळ्या दिसतात, आणि समितीचा खरा वेळ त्यांच्याच घरी गेला पाहिजे. ही वही चावडीवर वाचायची नाही. कोणाच्या मुलीपुढे खूण आहे हे गावात फुटलं, तर ते घर समितीला पुन्हा दारात उभं करणार नाही.

धोक्याचा पहिला इशारा बहुतेकदा शाळेतून येतो. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आठवी-नववीतली मुलगी आठवडाभर आली नाही, की वर्गशिक्षकांनी अंगणवाडीताईला कळवावं आणि दोघींनी तीन दिवसांत घरी जावं. पहिल्या भेटीत लग्नाचा विषयही काढायचा नसतो. शाळेत का येत नाही एवढंच विचारायचं. कारण बस असेल तर बसवर उपाय आहे: पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. पास असूनही शाळेच्या वेळेला गाडीच नसेल, तर आगारप्रमुखांना ग्रामसभेच्या ठरावासह वेळ बदलण्याचं पत्र द्यायचं. शाळेच्या वेळेला येणारी एक एसटी दहा भाषणांपेक्षा जास्त लग्नं लांबवते. कारण स्थलांतर असेल, तर हंगामी वसतिगृहाची मागणी टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरातच गेली पाहिजे. नोव्हेंबरात अर्ज करून जानेवारीत वसतिगृह सुरू झालं, तर मुलगी तोवर फडावर पोचलेली असते.

"लेक लाडकी" योजनेचं नाव अशा बैठकांत नेहमी निघतं. ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे आणि तिचे ७५ हजार रुपये अठरा पूर्ण झाल्यावर मिळतात. योजना चांगली आहे, पण आज पंधरा वर्षांची असलेल्या मुलीच्या बापाला ती सांगून उपयोग नाही.

मुलींचे गट: काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमाने

पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९०च्या दशकाच्या शेवटी केलेलं काम अजूनही धडा म्हणून वापरण्यासारखं आहे. गावातलीच, निदान सातवी शिकलेली बाई प्रशिक्षण देऊन तयार केली आणि तिने अविवाहित मुलींचा वर्ग रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर घेतला. एकूण २२५ तासिका. आरोग्य, आहार, गावातल्या संस्था, कायदा, स्वतःचं म्हणणं मांडणं, असे विषय होते. काही वर्षांत त्या गावांतलं लग्नाचं मधलं वय (ज्याच्या आत निम्म्या मुलींची लग्नं होतात ते) सोळावरून सतरावर गेलं. एक वर्षाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण सोळा आणि सतरामध्ये दहावी-अकरावी असते, आणि अकरावीत गेलेल्या मुलीला बारावीपर्यंत थांबवणं सोपं जातं.

यातला संध्याकाळचा तास महत्त्वाचा आहे. दुपारी वर्ग ठेवला की शाळेतल्या मुली येतात, पण शेतावर जाणाऱ्या आणि घरी भावंडं सांभाळणाऱ्या येत नाहीत. आणि धोका नेमका त्यांना जास्त असतो. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस ठेवा, पण वर्षभर ठेवा. तीन दिवसांच्या शिबिराने माहिती मिळते. घरी बापापुढे "मला एवढ्यात नको" म्हणायला लागणारी ताकद सवयीने येते, आणि मागे पंधरा मैत्रिणी असल्या की जास्त येते.

गट पंधरा ते वीस जणींचा असावा, आणि १० ते १४ व १५ ते १९ वेगळे. विषयांचा क्रम चुकला की वर्ग बंद पडतो. पहिल्याच आठवड्यात निरोध दाखवला की दुसऱ्या आठवड्यात आया मुलींना पाठवत नाहीत. सुरुवात रक्तापासून करा: हिमोग्लोबिन तपासा, आठवड्याला एक लोहाची निळी गोळी जेवणानंतर, सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळी. मुलीची दमणूक कमी झालेली आईला दिसते आणि वर्गावर विश्वास बसतो. मग पाळी, शरीर, पाळीच्या चक्रात गर्भ कधी राहतो. त्यानंतर नकार देणं, चांगला-वाईट स्पर्श, मोबाइलवरून होणारी फसवणूक. त्यापुढे कायदा आणि गर्भनिरोधन. अधूनमधून प्रत्यक्ष भेटी हव्यात. बँकेत नेऊन मुलीकडून स्वतः स्लिप भरून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पोलीस ठाणं दाखवा. पोलीस ठाण्याची पायरी एकदा चढलेली मुलगी १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करताना अडखळत नाही.

मुलग्यांचा गट बहुतेक कार्यक्रमांत शेवटी आठवतो आणि निधी संपल्यामुळे होतच नाही. तो पुरुष कार्यकर्त्याने वेगळा घ्यावा. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना दोन गोष्टी सरळ सांगायला हव्यात. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही. तिच्या मर्जीने पळून नेलं तरी अपहरणाचा आणि पोक्सोचा, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचा, गुन्हा लागतो. आणि लग्न लावून टाकलं तरी सुटका नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७च्या निकालापासून पंधरा ते अठरा वयाच्या पत्नीशी शरीरसंबंधही बलात्कारच ठरतो.

लग्न ठरलंच असेल तर

मांडवात पोलीस गेले की वर्तमानपत्रात फोटो येतो. ती या कामातली सर्वात उशिराची आणि सर्वात महागडी पायरी आहे. तोवर सुपारी फुटलेली, बस्ता झालेला, कर्ज काढलेलं असतं, आणि मुलीवर "हिच्यामुळे अब्रू गेली" असा शिक्का बसतो. पाहण्याच्या कार्यक्रमाची कुणकुण लागली की हालचाल करावी.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. आधी त्यांनी समितीतल्या एक-दोन जणांसह दोन्हीकडच्या घरी जावं. मुलाचं घर विसरलं जातं. खरं तर तिथे लवकर गुण येतो, कारण अठरा वर्षांवरचा नवरदेव स्वतः आरोपी होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. लग्न लावणारे, ठरवणारे, आईबाप आणि जाणूनबुजून हजर राहणारे सगळे यात येतात. स्त्रियांना मात्र कैद होत नाही, दंड होऊ शकतो. भटजी, आचारी, मंडपवाला, बँडवाला, पत्रिका छापणारा आणि मंगल कार्यालयाचा मालक यांना हंगामाआधी नोटीस देऊन "दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घेणार नाही" असं लिहून घेतलं की खबरही त्यांच्याकडूनच मिळू लागते.

ऐकलं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवायचा. अर्ज ग्रामसेवक, संस्था किंवा माहिती असलेली कोणीही व्यक्ती करू शकते, आणि घाई असेल तर समोरच्याला न बोलावताही अंतरिम हुकूम निघतो. याचं महत्त्व असं की एरवी बालविवाह आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करून घेण्याचा हक्क लग्नाच्या वेळी अल्पवयीन असलेल्या पक्षाला असतो आणि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मात्र मुळातच शून्य ठरतं. अगदी शेवटच्या क्षणी कळलं तर १०९८ किंवा पोलिसांच्या ११२ वर फोन करायचा. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, असं कायम सांगत राहायला लागतं, आणि ते खरोखर गुप्त ठेवायला लागतं.

थांबवलेलं लग्न पंधरा दिवसांत दुसरीकडे लागतं, हा सर्रास अनुभव आहे. आईबाप हमीपत्रावर सही करतात आणि मुलीला मामाच्या गावी नेतात. कधी साखरपुडा म्हणून जमतात आणि त्यातच अक्षता टाकतात, कधी पहाटे एखाद्या देवळात उरकतात. म्हणून हमीपत्राची प्रत मुलाच्या गावच्या आणि मामाच्या गावच्या ग्रामसेवकालाही जायला हवी. मुलीला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करून पाठपुराव्याचा आदेश घ्यावा, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत महिन्यातून निदान एकदा घरभेट व्हावी. त्या भेटीत तिला पुन्हा शाळेत किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवण्याचं काम झालं, तरच लग्न पुढे गेल्याचा काही अर्थ.

लग्न झालंच असेल तर

इथे बहुतेक समित्या हात झटकतात. पण पहिलं बाळ दोन-तीन वर्षं लांबवणं अजूनही हातात असतं. नवी सून आली की आशाताईची पहिली भेट महिन्याच्या आत व्हावी. "वर्षात पाळणा हलला पाहिजे" हा आग्रह सुनेचा नसतो, म्हणून सासूशी वेगळं बोलावं आणि नवऱ्याशी पुरुष आरोग्यसेवकाने बोलावं. सासूपुढे लोकसंख्येचं गणित मांडू नये. "हिचं हिमोग्लोबिन आठ आहे, अकराच्या वर नेऊ आणि मग बाळ येऊ दे" हे तिला पटतं.

सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, माला-एन, छाया, अंतरा इंजेक्शन आणि तांबी मोफत मिळतात. छाया ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घ्यायची माला-एन लपवून ठेवणं ज्यांना जमत नाही त्यांना ती सोयीची. अंतरा दर तीन महिन्यांनी. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे आधी सांगितलं नाही तर मुलगी घाबरून दुसऱ्या इंजेक्शनाला येतच नाही. "गोळ्यांनी पुढे मूल होत नाही" ही समजूत प्रत्येक घरात भेटते. गोळ्या बंद केल्यावर गर्भ राहतो, अंतरानंतर मात्र काही महिने उशीर लागू शकतो, हेही लपवू नये.

लग्नाबाहेर दिवस गेले तर

या वयात पाळी मुळातच मागेपुढे होते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत घरात कोणाच्या लक्षात येत नाही. आशाताईकडे गर्भचाचणीचा निश्चय किट असतो. एक पाळी लांबली आणि शंका असली तर चाचणी करायची, हे गटात नाव न घेता, सगळ्यांना सांगून ठेवावं.

गर्भपात कायद्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अल्पवयीन मुली या दुसऱ्या टप्प्याला पात्र आहेत. अठराच्या आत पालकाची लेखी संमती लागते. पोक्सोखाली कळवण्याचं बंधन डॉक्टरवर आहेच, आणि याच भीतीने मुलगी मेडिकलमधून गोळ्या आणते किंवा भोंदूकडे जाते आणि रक्तस्राव अंगावर काढते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल तालुक्याच्या रुग्णालयातल्या प्रत्येक सिस्टरला माहीत असेलच असं नाही. समितीतल्या एकाने आधीच वैद्यकीय अधीक्षकांना भेटून तिथे हे पाळलं जातं का विचारून ठेवावं. उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांतल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलामुलींशी स्वतंत्र खोलीत बोलण्याची सोय असते. गावातून तिथला वार आणि वेळ पाठ असणारी एक तरी व्यक्ती हवी.

काम होतंय हे कशावरून कळेल

"यंदा सात बालविवाह रोखले" या आकड्यावर भरवसा ठेवू नये. तो वाढला तर बालविवाह वाढले की खबरी वाढल्या, हे कळत नाही. त्यापेक्षा वर्षाच्या शेवटी तीन गोष्टी मोजाव्यात: आठवीच्या वर्गातल्या किती मुली दहावीला बसल्या, वहीतल्या खुणा केलेल्या मुलींपैकी किती जणी अजून अविवाहित आहेत, आणि आशाताईच्या गरोदर मातांच्या नोंदीत वीसच्या आतल्या किती. तिसऱ्या आकड्याला एक खोट लागते. दवाखान्यात वय विचारलं की घरचे सर्रास "एकोणीस-वीस" लिहायला सांगतात आणि कोणी दाखला पाहत नाही. म्हणून नोंदवहीत एकोणीस-वीस वयाच्या अचानक बऱ्याच जणी दिसल्या, तर ती नावं शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहावीत. हा ताळा मुलीवर किंवा तिच्या घरावर गुन्हा नोंदवण्याच्या हेतूने करू नये, नाहीतर पुढची गरोदर मुलगी नावनोंदणीलाच येणार नाही आणि घरात बाळंत होईल. पोक्सोखाली कळवण्याचं कर्तव्य त्यातून टळत नाही, पण ते डॉक्टरांनी, मुलीला आधी समजावून, बाल कल्याण समितीला सोबत घेऊन पार पाडायचं असतं. वहीतल्या ताळ्यातून गावाला हवी असलेली गोष्ट वेगळी आहे: कोणत्या वस्तीत, कोणत्या इयत्तेनंतर मुली गळतात. पुढच्या वर्षीचा संध्याकाळचा वर्ग त्या वस्तीत सुरू करायचा.